उरलेल्या ऑक्सिजनची साक्ष

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला की मालक गॅरेज गाठतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला जातो आणि पडद्यावर एक अक्षर व चार आकडे उमटतात. 'पी०१७१' हा त्यांतला वारंवार भेटणारा कोड. त्याचा अर्थ असा की, मिश्रण प्रमाणाबाहेर 'लीन' आहे. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. इथपर्यंत सगळे सरळ असते. घोळ सुरू होतो तो यानंतर. या कोडशी ऑक्सिजन सेन्सरचा संबंध आहे म्हणून सेन्सर बदलला जातो. आठवड्याभराने दिवा पुन्हा लागतो. मग प्लग बदलतात, मग पेट्रोलचा पंप. मालकाचे काही हजार रुपये जातात आणि दिवा तसाच.

मी बरीच वर्षे एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइलचे विषय शिकवले. निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांच्या गॅरेजांत जाऊन बसण्याची सवय लागली. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कोड ही फिर्याद असते आणि आपण तिला निकाल समजतो. फिर्याद नोंदवणारा कोण, त्याने प्रत्यक्ष काय पाहिले आणि त्यावरून काय अनुमान काढले, हे विचारल्याशिवाय तपास पुढे जाऊ नये. लीन मिश्रणाचा तपास हा याचा फार चांगला नमुना आहे. म्हणून तो तंत्रज्ञ नसलेल्या वाचकांसमोर सविस्तर मांडावासा वाटला.

हवेचा हिशेब

पेट्रोलची गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वजनाने पाहिले तर ती मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे त्या एका लिटरला साधारण अकरा किलो हवा हवी. हवेचे वजन घनमीटरला सव्वा किलोच्या आतबाहेर असते. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळजवळ नऊ हजार लिटर हवा ओढते. ही हवा दिसत नाही, तिचे बिल येत नाही, म्हणून ती आपल्या लक्षात राहत नाही. गाडीच्या संगणकाचे निम्मे काम मात्र ही हवा मोजण्याचेच असते.

प्रमाण १४.७ च्या वर गेले की मिश्रण लीन, खाली आले की रिच. पुस्तकी मराठीत विरळ आणि समृद्ध म्हणता येईल. गॅरेजमध्ये लीन आणि रिचच चालते. थोडेसे विरळ मिश्रण हा काही गुन्हा नाही. छोट्या विमानांचे वैमानिक उंचीवर गेल्यावर आजही हाताने मिश्रण विरळ करतात, कारण तिथे हवाच पातळ असते आणि इंधन वाचवायचे असते. मोटारीत ते नको तेव्हा आणि नको तितके विरळ झाले की त्रास होतो. विरळ मिश्रण सावकाश जळते. सिलिंडरमधली ज्योत विझण्याआधीच पुढची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडला तर भडका मागे फिरतो आणि 'फट्' असा आवाज येतो. पिकअप मरतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, थंडीत चालू व्हायला कुरकुरते. चढावर भरपूर भार असताना मिश्रण विरळ राहिले तर नॉकिंग होते, आणि असेच दीर्घकाळ चालले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात.

प्लगचा रंग आणि चोकची दोरी

फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात हे निदान कान, नाक आणि डोळ्यांनी होई. मिस्त्री प्लग काढून त्याचे टोक उजेडात धरी. काजळी असेल तर मिश्रण रिच, चहाच्या पुडीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर लीन. दुसरी परीक्षा त्याहून सोपी होती. इंजिन चालू ठेवून चोक थोडा ओढायचा. चोकने हवेची वाट अरुंद होते, मिश्रण रिच होते. चोक ओढल्यावर अडखळणारे इंजिन सुधारले तर ते पेट्रोलला भुकेले होते. आणखी बिघडले तर दोष दुसरीकडे.

ही परीक्षा मला आजही शिकवण्याजोगी वाटते, कारण तिच्यात निदानाचे तत्त्व शुद्ध रूपात आहे. नुसते बघत बसायचे नाही. एक गोष्ट जाणूनबुजून बदलायची आणि यंत्र काय उत्तर देते ते ऐकायचे. आजचा मेकॅनिक व्हॅक्यूमच्या पाइपांच्या सांध्यांवर कार्बोरेटर क्लीनरचा हलका फवारा मारून इंजिनाचा आवाज बदलतो का पाहतो, तेव्हा तो तीच परीक्षा घेत असतो. फट असेल तिथून फवाऱ्यातले इंधन आत ओढले जाते आणि विरळ मिश्रण क्षणभर भरते. (तापलेल्या एक्झॉस्टजवळ हा प्रयोग आगीला निमंत्रण देतो, हे सांगायलाच हवे.)

अननसाच्या अभ्यासकाने उकललेला धूर

मग हे सगळे संगणकाच्या हाती का गेले? त्याचे उत्तर लॉस एंजेलिसच्या आकाशात आहे. १९४० च्या दशकात त्या शहरावर डोळे झोंबवणारे तपकिरी धुके उतरू लागले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे तेव्हा अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करत होते. हवेतली सूक्ष्म द्रव्ये गोळा करून ओळखण्याचे तेच कसब त्यांनी या धुक्याला लावले. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके तयार होते, आणि त्यात मोटारींचा मोठा वाटा आहे, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले.

१९७० च्या अमेरिकन कायद्याने मोटारींच्या धुरावर कडक बंधने घातली आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याच्या त्रिमार्गी प्रकाराला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळायला त्याला ऑक्सिजन हवा. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढून घ्यायला तो नको. दोन्ही कामे एकाच वेळी व्हायची तर मिश्रण १४.७ च्या अगदी निकट, एखाद्या टक्क्याच्या पट्ट्यात ठेवावे लागते. कार्बोरेटरला हे जमणे शक्यच नव्हते. म्हणून बॉशने एक्झॉस्टमध्ये बसणारा ऑक्सिजन सेन्सर तयार केला आणि व्होल्वोने १९७७ च्या मॉडेलमध्ये कॅलिफोर्नियासाठी त्रिमार्गी कन्व्हर्टरसोबत तो बसवला. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. २०२० च्या एप्रिलपासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले. पिवळा दिवा हा या साखळीचा शेवटचा दुवा. त्याचे पहिले काम हवा राखण्याचे. गाडीची काळजी त्यानंतर.

साक्षीदाराने काय पाहिले?

आता फिर्यादीकडे वळू. सेन्सरच्या गाभ्यात झिर्कोनियाचे सिरॅमिक असते. तीनशे अंशांच्या वर तापले की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू शकतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका विद्युतदाब. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, म्हणजे रिच. ऑक्सिजन उरलेला असेल तर ०.१ च्या आसपास, म्हणजे लीन.

सेन्सर पेट्रोल मोजत नाही, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवे. सिलिंडरात काय झाले ते त्याला दिसत नाही. तो फक्त इतकेच सांगतो की, 'माझ्याजवळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन उरला होता.' तो का उरला, हे त्याच्या साक्षीत नाही. पेट्रोल कमी पडले म्हणून उरला असेल. एखाद्या सिलिंडरात करंटच पोचला नाही आणि हवा व पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर आली, म्हणूनही उरला असेल. किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल आणि धुराच्या दोन ठोक्यांमधल्या ओढीने बाहेरची हवा आत शिरली असेल. तिन्ही वेळा साक्ष एकच: लीन.

संगणक या साक्षीवर लगेच कृती करतो. इंजेक्टर किती वेळ उघडायचा याचा त्याच्याकडे मूळ हिशेब असतो. सेन्सर लीन म्हणाला की तो वेळ टक्क्याटक्क्याने वाढवतो. या दुरुस्तीला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. क्षणाक्षणाची ती शॉर्ट टर्म. टिकून राहणारी कल ओळखून लिहून ठेवलेली ती लाँग टर्म. दोहोंची बेरीज शून्याच्या अलीकडेपलीकडे पाचेक टक्के असेल तर प्रकृती उत्तम. वीस-पंचवीसच्या वर जाऊन राहिली की बहुतेक गाड्यांत दिवा लागतो.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. दिवा लागतो तेव्हा पुष्कळदा इंजिन प्रत्यक्षात लीन चालतच नसते. तूट असते, पण संगणक ती भरून काढत असतो. त्यामुळे प्लग काढला तर तो नेहमीसारखा तपकिरी दिसतो. जुन्या मिस्त्रीची खूण इथे फसते, कारण दोष झाकला जातो. तो दिसतो फक्त ट्रिमच्या आकड्यात, कर्ज काढून चालवलेल्या घराची ओढाताण वहीत दिसावी तसा.

आकड्यांना प्रश्न विचारणे

लीनच्या कारणांची यादी लांब आहे, पण तिची घराणी तीनच. एक, न मोजलेली हवा आत शिरते. दोन, मागितलेले पेट्रोल पोचत नाही. तीन, मोजणारा किंवा साक्षीदारच चुकतो. कुठलाही भाग खोलण्याआधी यांतले घराणे ओळखता येते, आणि तेही फुकट. गाडी आधी आयडलला, मग अडीच हजार आरपीएमवर, मग भाराखाली चालवून ट्रिमचे आकडे लिहून घ्यायचे.

असे का, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक छोटे इंजिन आयडलला सेकंदाला अडीच ग्रॅम हवा घेते आणि एखाद्या चिरलेल्या होजमधून आणखी अर्धा ग्रॅम चोरून आत येते. ही वीस टक्के चोरी झाली. आरपीएम वाढवले की इंजिन दहा ग्रॅम घेऊ लागते. चोरी मात्र अर्ध्या ग्रॅमचीच राहते, म्हणजे पाच टक्के. चोरी वाढत का नाही? मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या निम्म्याहून खाली असला की फटीतून येणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि त्याहून जास्त येऊच शकत नाही. बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारी बारीक शीळ ती हीच. तेव्हा आयडलला मोठी आणि वेगात लहान होणारी ट्रिम दिसली, तर संशय व्हॅक्यूम गळतीवर: चिरलेली होज, पीसीव्हीचा पाइप, ब्रेक बूस्टर, मॅनिफोल्डचे गॅस्केट. अशा वेळी आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणे सर्वांत खात्रीचे.

उलट, आयडलला सगळे ठीक आणि खंबाटकीचा घाट चढताना ट्रिम वाढत गेली, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे: दमलेला पंप, तुंबलेला फिल्टर, कचरा धरलेले इंजेक्टर. हे प्रेशर गेज लावून पडताळता येते. हवा मोजणाऱ्या तारेवर धूळ बसली असेल तर तीही जास्त हवा वाहताना कमी मोजते आणि असेच चित्र दिसते. म्हणून गेजचे प्रेशर चांगले निघाले की नजर तिकडे वळवायची.

यात एक पोटभेद आहे. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा थेट मोजत नाहीत; मॅनिफोल्डमधला दाब मोजून तिचा अंदाज घेतात. तिथे चोरून आलेली हवाही दाब वाढवते, म्हणून ती बरीचशी हिशेबात येते आणि संगणक तितके पेट्रोल देतोही. मग लीनचा कोड न येता आयडल नुसताच चढलेला राहतो. एका गाडीचे अनुभव दुसरीला लावताना आधी ती हवा कशी मोजते ते पाहावे, ते यासाठी.

'दोघांतला एक खोटं बोलतोय'

दोन वर्षांपूर्वी पुण्यात माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये एक हॅचबॅक आली. दुसरीकडे तिचा ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला होता, इंजेक्टर साफ करून झाले होते. कोड तोच. आयडलला ट्रिम अधिक एकवीस, अडीच हजारावर अधिक सात. आकडे सरळ व्हॅक्यूम गळतीकडे बोट दाखवत होते. त्याने इनटेकमध्ये धूर सोडला. दहा मिनिटे झाली, धूर कुठूनही येईना.

मग त्याने पान्याने एक प्लग काढला आणि माझ्यासमोर धरला. काळाकुट्ट. म्हणाला, "सर, कोड म्हणतोय लीन आणि प्लग म्हणतोय रिच. दोघांतला एक खोटं बोलतोय."

गाडी त्याने रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन चालू केले तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूने टिकटिक ऐकू आली, आणि तीनचार मिनिटांनी विरून गेली. मॅनिफोल्डला सेन्सरच्या अलीकडे केसाएवढी चीर होती. लोखंड तापून फुगले की ती मिटत आली आणि आवाज थांबे, पण पूर्ण बंद होत नसे. मंद आयडलला दोन ठोक्यांमध्ये ती हवा ओढून घेई. वेगात धुराचा जोर वाढला की ओढ कमी होई. म्हणूनच आकडे हुबेहूब व्हॅक्यूम गळतीसारखे दिसत होते. सेन्सर इमानाने उरलेला ऑक्सिजन सांगत होता, संगणक इमानाने पेट्रोल वाढवत होता, आणि इंजिन मात्र नको इतके पेट्रोल पिऊन काळवंडत होते. मालकाची अ‍ॅव्हरेज घटल्याची तक्रारही त्यातलीच.

मॅनिफोल्ड बदलल्यावर त्याने कोड पुसून गाडी लगेच परत दिली नाही. वीसेक किलोमीटर फिरवून पुन्हा दोन्ही वेगांना ट्रिम वाचली. अधिक तीन आणि अधिक दोन. मगच किल्ली दिली. दिवा विझणे हा पुरावा नसतो. तो स्कॅनरचे एक बटण दाबूनही विझतो. आकडा जागेवर येणे हा पुरावा.

या प्रसंगात जुन्या आणि नव्या विद्येची सांगड मला दिसते. स्कॅनरने संशयिताचे घराणे सांगितले, धुराने तो संशय खोडला, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीच्या प्लगपरीक्षेने साक्षीदार कसा फसला ते उघड केले. एकटा कोणताच पुरावा पुरेसा नव्हता.

इथेनॉलचा नवा मुद्दा

हा विषय आता घराघरात पोचण्याचे आणखी एक कारण आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते: किलोला सुमारे नऊ किलो. वीस टक्के मिश्रणाचे प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. म्हणजे तितक्याच हवेला इंधन जास्त हवे. माझ्या हिशेबाप्रमाणे, शुद्ध पेट्रोल धरून बेतलेल्या गाडीची ट्रिम नुसत्या या बदलाने सातेक टक्के वर जाते. दहा टक्क्यांच्या मिश्रणावर बेतलेल्या गाडीची चारेक टक्के.

एवढी दुरुस्ती संगणक सहज करतो, दिवाही लागत नाही. पण त्याच्या हातातली शिल्लक तितकी कमी होते. पूर्वी पंधरा टक्क्यांवर मुकाट राहिलेली जुनी होज आता बावीसवर जाऊन दिवा लावू शकते. मग मालक म्हणतो 'पेट्रोलच खराब', मेकॅनिक म्हणतो 'सेन्सर गेला'. होजकडे कुणी बघत नाही. इंधन कोणते होते हे जाणणाऱ्याने ते सातेक टक्के बाजूला काढावेत आणि उरलेल्या पंधराचे कारण शोधावे. कार्बोरेटरच्या जुन्या मोटरसायकलींना तर सेन्सरच नाही, दुरुस्ती करणारे कुणी नाही. त्या खरोखरच तेवढ्या लीन चालतात, आणि त्यांच्या बाबतीत मिस्त्रीचा स्क्रूड्रायव्हर आणि प्लगचा रंग हेच आजही प्रमाण.

सुटे भाग बदलत जाण्याच्या पद्धतीत कधी ना कधी दिवा विझतो, म्हणून ती रुजली. तिची किंमत मालक भरतो हे उघड आहे. दुसरी किंमत तिथे काम शिकणारा पोरगा भरतो. कोड वाचून भाग बदलायला शिकलेल्याला पुढच्या गाडीत पुन्हा कोडच वाचावा लागतो. तीन वेगांना आकडे लिहून 'असे का?' विचारायला शिकलेल्याला कुठलीही गाडी चालते. वर्गात मी विद्यार्थ्यांना स्कॅनर जोडण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखायला लावत असे: काय दिसले, त्यावरून काय वाटले, आणि ते खोटे ठरवायचे तर काय करून पाहू. तिसरा रकाना भरायला मुलांना सर्वांत जास्त वेळ लागे. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या गाडीत हा दिवा लागलाच, तर मेकॅनिकला 'काय बदलायचे?' असे विचारण्याआधी 'आयडलला ट्रिम किती आणि अडीच हजारावर किती?' एवढे विचारून पाहावे. उत्तर लिहून घ्यावे, आणि दुरुस्तीनंतर तेच दोन आकडे पुन्हा मागावेत.